आवडते गाणे आणि शोभणारे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात बहुधा मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावयाचा असतो. तो आपल्या चिटणीसबाईंनी इतका नेटका घेतला आहे की, त्यात मी भर घालावी असे काही उरलेले नाही. मला 'संगीत आणि आपण' असा विषय दिलेला आहे. या विषयावर बोलणे वास्तविक फार सोपे. संगीत ही ईश्वराची देणगी आहे, संगीताने मन प्रसन्न होते, मुलांवर चांगले संस्कार होतात, असे वीस मिनिटे बोलावे, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावे. पण अशा भाषणाने कोणाचे काही बिघडत नाही आणि कोणाचे काही सुधारतही नाही. म्हणून आज मी चार मते आपल्यापुढे ठेवणार आहे. मते घेतली तर या सभागृहात ती बहुमताने फेटाळली जातील, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही ती मांडते. कारण घरोघरी ती कुजबुजीत बोलली जातात आणि व्यासपीठावर मात्र कोणी बोलत नाही.

प्रथम एक साधा भेद सांगते. आपल्या मनात गाण्याचे दोन कप्पे असतात. एक आवडणाऱ्या गाण्यांचा आणि दुसरा शोभणाऱ्या गाण्यांचा. आपल्याला कोणी विचारले, 'तुम्हाला कोणते गाणे आवडते हो?' तर आपण दुसऱ्या कप्प्यात हात घालून उत्तर देतो. 'मला बाई अभंग फार आवडतात', 'मला जुनी नाट्यपदे आवडतात', असे म्हणतो. ते अगदी खोटे असते असे नाही. पण पुरते खरेही नसते. आपल्या मंडळाच्या सहली आठवून पाहा. बस निघाली की गणपतीची आरती होते, मग एखादे स्तोत्र होते, आणि पहिला टोलनाका मागे पडला की चित्रपटगीते सुरू होतात. घाट लागेपर्यंत लावणीही येते. टाळ्यांचा ठेका असा धरला जातो की ड्रायव्हरसुद्धा आरशातून पाहून हसतो! त्याच भगिनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाची यादी करायला बसल्या की, तीन अभंग, दोन भावगीते आणि एक नाट्यपद अशी यादी तयार होते. मग मला प्रश्न पडतो की, बसमधले मंडळ खरे की सभागृहातले?

मला वाटते, दोन्ही खरी आहेत. पण एकीने दुसरीची लाज का बाळगावी, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

माझे पहिले मत लावणीविषयी आहे. लावणी ही गृहिणीने ऐकू नये, म्हणू तर नयेच, अशी आपल्यात एक समजूत रुजलेली आहे. ती कोठून आली हे शोधू गेले तर मोठी गंमत दिसते. पेशवाईच्या उत्तरकाळात होऊन गेलेले होनाजी बाळा हे लावणीकार. त्यांच्या शृंगारिक लावण्या प्रसिद्ध आहेत. आणि पहाटे श्रीकृष्णाला जागे करणारी जी भूपाळी आपल्या आज्या देवापुढे म्हणत आल्या, ती त्याच होनाजीची! व्ही. शांताराम यांनी १९५१ साली त्याच्यावर 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला. सोलापूरचे राम जोशी लावण्या रचीत आणि कीर्तनही करीत. मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. म्हणजे ज्या लेखणीने देवघरातले गाणे लिहिले, तिनेच फडावरचे गाणे लिहिले. लेखणीला विटाळ झाला नाही; तो आपल्या कानांना कसा होतो?

अलीकडच्या काळाचे पाहा. ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले. सुधीर फडके यांचे संगीत आणि एकंदर ५६ गीते. घराघरांत ते भक्तिभावाने ऐकले गेले, आजही ऐकले जाते. त्याच माडगूळकरांनी १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका' या तमाशापटासाठी लावणी लिहिली आणि ती महाराष्ट्राच्या तोंडी बसली. कवीला त्यात काही विसंगती वाटली नाही. रामाच्या वनवासाला करुण रस लागतो, तशी लावणीला शृंगाराची लय लागते. दोन्ही ज्याला येतात तो मोठा कवी, असेच आपण म्हणतो. मग दोन्ही जिला आवडतात ती श्रोती उणी कशी?

सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. साडीचा पदर डोक्यावर घेऊन त्या व्यासपीठावर येत आणि ठसकेबाज लावणी गात. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. गाण्यातला नखरा सारा गळ्यात होता. हे ज्यांनी पाहिले त्यांनी लावणी शोभत नाही असे म्हणू नये. बैठकीच्या लावणीच्या यमुनाबाई वाईकर यांनाही पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने तर राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. शासनाला जी कला गौरवास पात्र वाटते, ती आपल्या पंचवीस खुर्च्यांच्या सभागृहाला का झेपू नये?

हे मी हवेत बोलत नाही. यंदा आपल्यातल्या एका भगिनीने कार्यक्रमात लावणी म्हणण्याची इच्छा दर्शविली होती. तिला नकार कोणी दिला नाही. ठराव झाला नाही, चर्चाही झाली नाही. फक्त दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि एकीने 'आपल्या मंडळाला ते कितपत शोभेल?' एवढेच म्हटले. तिने मुकाट्याने आपले नाव काढून घेतले. तिचा गळा आपणा सर्वांना ठाऊक आहे. बसमध्ये आपण तिलाच आग्रह करतो. आज ती मागे चहाची व्यवस्था पाहते आहे. भगिनींनो, संगीतातला भेदभाव असा असतो. त्यात कोणी कोणाला अपशब्द बोलत नाही; नुसती एक नजर पुरते.

आता दुसरे मत. आवड हुकुमाने घडत नाही. मग तो हुकूम सरकारचा असो, सासूचा असो, की सुनेचा असो.

सरकारचा हुकूम आधी सांगते, कारण त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९४० साली आकाशवाणीने बाजाच्या पेटीवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या संगीतातल्या सूक्ष्म श्रुती तिला दाखविता येत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता. पण ती बंदी सुमारे तीन दशके चालली आणि त्या तीन दशकांत पेटी घराघरांतून, भजनी मंडळांतून, नाटकांतून आणि मैफलींतून काही हलली नाही. आज ख्यालाच्या मैफलीला पेटीची साथ नसेल तर श्रोत्यांनाच चुकल्यासारखे होते.

दुसरी हकीकत १९५२ ची. पुण्याचे बा. वि. केसकर त्या वर्षी माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कळकळीचे पुरस्कर्ते होते. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्यांच्या धोरणामुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरविला आणि सिलोन लावले! त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ साऱ्या देशाने तिच्या स्वाधीन केली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. दारातून घालवून दिलेले गाणे पाच वर्षांनी खिडकीतून सन्मानाने आत आले.

पण न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच केसकरांच्या काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. संस्थानांचा आश्रय गेलेल्या कित्येक गायक-वादकांना रेडिओने हात दिला. ज्या गावी कधी मैफल झाली नाही, त्या गावी थोरामोठ्यांचे गाणे पोहोचले. यातून मी असा बोध घेते की, चांगले गाणे लोकांपुढे ठेवणे हे काम यशस्वी झाले, आणि आवडते गाणे लोकांपासून काढून घेणे हे काम फसले. दोन्ही कामे एकाच हाताने केली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता हेच घरात आणून पाहा. आपल्या घरी एक मुलगा कानात यंत्र घालून बसलेला असतो आणि 'रॅप' की काय म्हणतात ते ऐकत असतो. आपण म्हणतो, 'हे काय गाणे आहे? नुसते भराभर बोलणे!' मी मुद्दाम बसून ते ऐकले. मला ते विशेष आवडले नाही, हे स्पष्ट सांगते. पण लयीत बोलणे, यमके जुळविणे आणि समोरच्याला शब्दांत अडविणे हे आपल्याला नवे नाही. आपल्याकडचे शाहिरांचे सवाल-जवाब आठवा. तेथेही दोन पक्ष डफ-तुणतुण्यावर एकमेकांना कोड्यात टाकीत आणि लोक रात्र रात्र बसत. मुलाला 'ते बंद कर' म्हणण्यापेक्षा, 'यातले तुला काय आवडते ते मला सांग' असे विचारून पाहावे. तो सांगेल, आणि कदाचित, सवाल-जवाब म्हणजे काय, हे तोही विचारील.

हुकूम फक्त मोठ्यांचाच लहानांवर चालतो असे नाही. उलटही चालतो, आणि तो मला अधिक दुःखदायक वाटतो. माझ्या ओळखीच्या एका घरी ऐंशी ओलांडलेल्या आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सून मनापासून सेवा करीत असे. आजींना विरंगुळा म्हणून तिने उशाशी एक छोटे यंत्र आणून ठेवले. त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत स्तोत्रे आणि भजने लागत. सर्वांना वाटे, केवढी भाविक सोय! एके दिवशी शेजारच्या कोणाच्या घरातून तलत महमूदचे जुने गाणे ऐकू आले. आजींनी हात वर करून उशाशी चाललेले भजन थांबवायला सांगितले, आणि ते दुरून येणारे गाणे संपेपर्यंत त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, 'अगं, मी म्हातारी झाले, पण माझे कान माझेच आहेत ना?'

त्या सुनेने दुसऱ्या दिवशी आजींना विचारून विचारून गाण्यांची यादी केली. त्यात भजनेही होती. पण ती आजींनी निवडलेली होती. माणूस म्हातारे झाले की त्याला देवाचेच गाणे आवडणार, विधवा झाली की तिला हौसेचे गाणे नको असणार, सून झाली की तिला सासरचेच गाणे गोड लागणार, असे आपण परस्पर ठरवून टाकतो. जेवायला काय करू, हे आपण विचारतो. कोणते गाणे लावू, हे विचारीत नाही. भगिनींनो, ज्याचे हातपाय चालत नाहीत, बोलणे कमी झाले आहे, त्याच्याजवळ स्वतःचे असे काय उरते? त्याची आवड उरते. तीही आपण आपल्या सद्भावनेने काढून घेऊ नये.

तिसरे मत शास्त्रीय संगीताविषयी आहे आणि ते ऐकून काही भगिनी माझ्यावर रागावतील. मत असे की, ख्याल आवडला नाही तर त्यात कमीपणा नाही. आणि आवडत नसताना मान डोलावणे यात मोठेपणा नाही.

मी स्वतः ख्याल आवडीने ऐकते, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजते. मैफलीत पुढच्या रांगेत बसून हळूच घड्याळ पाहणारी पुष्कळ मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना कोणी सांगितलेले असते की, हे उच्च आहे. उच्च असेलही, पण उंचावर चढायला पायऱ्या लागतात, आणि त्या कोणी दाखवीत नाही. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात. गायक अतिविलंबित लयीत गात असेल तर एक आवर्तन पुरे व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते, गाणे कोठेच जात नाही. ज्याला ठाऊक आहे तो समेची वाट पाहतो. गायक कोठून कोठून फिरून बरोबर त्या पहिल्या मात्रेवर येऊन उतरतो, आणि तबल्याचा बोल व गाण्याचे मुख एकत्र पडते, त्या क्षणी आपोआप 'वा' निघते. लेकीची गाडी स्टेशनात शिरताना जो आनंद होतो, तसाच तो आनंद आहे. पण गाडी येणार आहे हे आधी ठाऊक हवे!

ज्यांना ही पायरी चढून पाहावयाची असेल त्यांनी दोन तासांच्या मैफलीने आरंभ करू नये, असा माझा सल्ला आहे. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीनएक मिनिटेच मावत. म्हणून मोठमोठ्या कलावंतांनी तीन मिनिटांत अख्खा राग उभा करण्याची विद्या साधली. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या तबकड्या आता मोबाईलवर फुकट ऐकावयास मिळतात. भाजी निवडता निवडता तीन मिनिटे ऐकाव्यात. आवडले तर पुन्हा ऐकावे. नाही आवडले तर खुशाल सोडून द्यावे. भाजी तर निवडून झालेली असते.

आणखी एक. आज जे उच्च म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते, ते नेहमीच उच्च होते असे समजू नका. धृपदाचा जेव्हा मान होता तेव्हा ख्याल हा हलका, चंचल प्रकार समजला जाई. पुढे ख्याल उच्चासनावर बसला आणि ठुमरी खालची ठरली. आपल्या नाट्यसंगीताचेच पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले, तेव्हा त्यात साकी, दिंडी, कामदा अशा सोप्या चालींची पदे होती. पुढे १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या आणि ठुमरीच्या चाली आणल्या. त्यावर शास्त्रज्ञ म्हणत, हे शास्त्र पातळ झाले. आणि नाटकवाले म्हणत, हे नाटक गाण्यात बुडाले. दोन्हींकडून बोलणी खाल्लेले ते नाट्यपद आज ख्यालगायकाच्या मैफलीत शेवटी फर्माईश म्हणून मागितले जाते, आणि आपल्या यादीत तर ते 'शोभणाऱ्या' गाण्यांत पहिल्या मानाने बसते!

माणसांचेही असेच झाले. केसरबाई आणि मोगूबाई या दोघी गोव्याच्या, कलावंत समाजातल्या. दोघींना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळालेली. त्या काळी अशा गायिकांची तबकडी पांढरपेशा घरात विकत घेत, पण त्या घरातल्या मुलीने गाणे शिकतो म्हटले की घरात रडारड होई. तबकडी आत आणि गायिका बाहेर, असा तो न्याय होता. हिराबाईंनी तिकीट लावून, व्यासपीठावर बसून, शांतपणे जाहीर मैफली केल्या आणि स्त्रीच्या गाण्याला सभ्य माणसांच्या सभेत जागा करून दिली. तसे करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. आणि केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून पृथ्वीचा आवाज म्हणून अंतराळात गेली. त्याच वर्षी केसरबाई निवर्तल्या. ज्या गाण्याला एके काळी ओटीवर जागा नव्हती ते आज सूर्यमालेच्या बाहेर पोहोचले आहे. तेव्हा आज ज्या गाण्याला आपण 'शोभत नाही' म्हणून दाराबाहेर ठेवतो, त्याचे उद्या काय होईल हे सांगता येत नाही. निवाडा करताना जरा जपून करावा.

आता कोणी विचारील, 'मग सारेच चांगले का? वाईट असे काहीच नाही?' आहे ना! मलाही न आवडणारी गाणी पुष्कळ आहेत. जुन्या भावगीतातला अति रडका स्वर मला सहन होत नाही. चांगल्या अभंगाला आजकाल जो ढोलाचा नि यंत्रातल्या वाद्यांचा मारा जोडतात, त्याने अभंगातले शब्दच ऐकू येत नाहीत. बाईला नुसती वस्तू समजून लिहिलेली गाणी लग्नाच्या वरातीत लावलेली मला मुळीच चालत नाहीत. ती कोणत्या प्रकारातली आहेत याने मला फरक पडत नाही. एकेक गाणे पाहून बरेवाईट म्हणावे. साऱ्या प्रकारालाच एका काठीने हाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि यातूनच चौथे मत निघते. आवड ही ज्याची त्याची. पण आवाज हा सर्वांचा. गाणे कोणते लावावे यावर मी कोणाला बंधन घालू इच्छीत नाही. ते केवढ्याने लावावे यावर मात्र बंधन हवेच.

मिरवणुकीतल्या 'डीजे'विरुद्ध आपण सर्वजणी बोलतो. भिंती हादरतात, तान्ही मुले दचकतात, हृदयविकाराच्या माणसांचे हाल होतात. हे सारे खरे. पण आपण बोलतो तेव्हा 'ती कसली गाणी!' असेही म्हणतो आणि तेथे आपला मुद्दा कच्चा पडतो. कारण मग तरुण मुले म्हणतात, 'तुमच्या भजनाचा भोंगा चालतो तो?' आणि त्यांचे म्हणणे बरोबर असते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून देशभर लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालची शंभर मीटरची जागा शांतता क्षेत्र म्हणून राखता येते. या नियमात कोठेही लिहिलेले नाही की, अभंगाला सूट आहे आणि चित्रपटगीताला नाही. डेसिबलला धर्म नाही, जात नाही आणि अभिरुचीही नाही.

आपल्या भोंडल्याला आणि कोजागिरीला मैदानात ध्वनिवर्धक असतो आणि तो दहाच्या पुढे चालतो. समोरच्या इमारतीत परीक्षेची मुले असतात, आजारी माणसे असतात. ती आपल्या ओळखीची असतात म्हणून तक्रार करीत नाहीत, एवढेच. ज्या गोष्टीसाठी आपण दुसऱ्यांना नावे ठेवतो, ती आधी आपल्या अंगणातून बंद व्हावी. मग डीजेच्या विरुद्ध आपला अर्ज गेला, तर त्याला वजन येईल.

भगिनींनो, नुसती मते मांडून खाली बसणे योग्य नव्हे. मंडळात काम चालते ते सूचनांनी. म्हणून चार मतांतून निघालेल्या चार सूचना कार्यकारिणीपुढे ठेवते.

पहिली सूचना. पुढच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात लावणीला रीतसर स्थान असावे. आणि जिने यंदा आपले नाव काढून घेतले तिला चिटणीसबाईंनी स्वतः घरी जाऊन निमंत्रण द्यावे. कुजबुजीने झालेला नकार कुजबुजीने भरून निघत नाही. त्याला उघड आमंत्रणच लागते.

दुसरी सूचना. मासिक सभेत दर वेळी एकीने आपले खरेखुरे आवडते गाणे आणावे आणि सर्वांनी ते ऐकावे. नियम दोनच. आणणारीने क्षमा मागावयाची नाही आणि ऐकणारीने 'शी' म्हणावयाचे नाही. आवडले नाही तर 'मला आवडले नाही' असे सांगण्याची पूर्ण मोकळीक असावी. वादही व्हावा. गाण्यावरून भांडणाऱ्या बायका, ही साडीवरून भांडणाऱ्या बायकांपेक्षा निश्चितच प्रगती आहे!

तिसरी सूचना मला सर्वांत निकडीची वाटते. आपण अभंग, नाट्यपद, लावणी, ख्याल असे इतके प्रकार मोजले. पण बायकांनी स्वतः रचलेला, बायकांनीच बायकांसाठी गायिलेला जो प्रकार, तो आपण मोजलाच नाही. जात्यावरची ओवी. तिला ना तिकीट, ना व्यासपीठ, ना तबकडी. साने गुरुजींनी आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी ओव्या जमविल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेरची ओढ, भावाचे प्रेम, सासरचा जाच, पंढरीची वाट, दुष्काळ, आंबेडकरांविषयीची कृतज्ञता, असे सारे त्यांत आहे. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, आणि ओवी गाणाऱ्या एकेक करून जात आहेत. आपल्या मंडळात सत्तरी-ऐंशीच्या निदान सात-आठ जणी आहेत, ज्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर झोपून जात्याची घरघर ऐकली आहे. प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. दुपारी चार वाजता चहा घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांना आठवेल तेवढे म्हणू द्यावे आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे. सूर जुना असेल, शब्द अडखळतील, चालेल. पुढच्या वर्धापनदिनाला त्यांतील काही आपण सर्वांनी मिळून ऐकू. हे काम दोन-चार वर्षांनी करू म्हटले तर होणारे नाही.

चौथी सूचना छोटी आहे. यंदाच्या कोजागिरीला रात्री पावणेदहाला ध्वनिवर्धक बंद करावा, आणि त्यानंतर ज्यांना गावयाचे असेल त्यांनी आपल्या गळ्याने, चंद्राखाली, गोल बसून गावे. दूध आटेपर्यंत दोन तास असतात. त्यात अभंगही मावेल, लावणीही मावेल, आणि कोणा मुलीला तिचे भराभर बोलण्याचे गाणे म्हणावयाचे असेल तर तेही मावेल.

माझी मते सर्वांना पटावीत असा माझा आग्रह नाही. तसा आग्रह धरला तर मीच हुकूम सोडल्यासारखे होईल. ज्यांना पटली नाहीत त्यांनी चहाच्या वेळी अवश्य भांडावे.